रिकामी गाडी जास्त आदळते

आन्सेल्मो वेंचुल आला तेव्हा
वारा पश्चिमेकडून होता, म्हणजे नेहमीचाच.
पिकअपमधून उतरताना त्यानं आधी दार धरलं,
मग टोपी, मग माझ्याकडे पाहिलं.
म्हणाला, "डेल्फिना, हिला जरा मऊ कर."

मला वाटलं, सीटबद्दल बोलतोय.

तीस वर्षं या गाडीनं लोकर वाहिली,
गाठोड्यावर गाठोडं, सगळ्यात वर कुत्रा.
माझ्याच बापानं हिच्या मागच्या कमानीत
एक जादा पाटा घातला होता.
तेव्हा मेंढ्या आठशे होत्या
आणि आन्सेल्मोची पाठ सरळ.
आता मेंढ्या चाळीस. कुत्राही तो नाही.
हौद्यात एक जॅक, एक दोरी,
आणि केबिनमध्ये, दर मंगळवारी आणि शुक्रवारी,
रोसाउरा.

एस्केलचं इस्पितळ त्यांच्या दारापासून एकशे बारा किलोमीटर,
त्यातले ऐंशी खडीचे, पन्हाळी पत्र्यासारखे.
डॉक्टर विचारतात, एक ते दहा, किती दुखतं?
ती सांगते, पुलापर्यंत चार.
पुलानंतर मी आकडे मोजत नाही, दात मोजते.

मी गाडीखाली शिरले.
कमान म्हणजे पाट्यांचं एकत्र कुटुंब:
थोरला सगळ्यात लांब, धाकटा सगळ्यात आखूड,
मधल्यांना कुणी विचारत नाही.
ओझं आलं की एकमेकांना धरून वाकतात,
ओझं उतरलं की ताठ.
टनभर सोसायला शिकलेलं लोखंड
एका बाईचे एकेचाळीस किलो ओळखतच नाही.
म्हणून रिकामी गाडी जास्त आदळते.
हे मी आन्सेल्मोला समजावून सांगितलं.
"माहीत आहे मला," तो म्हणाला,
आणि खिसा नव्हता त्या बाजूला सिगारेट शोधत राहिला.

बापाचा पाटा काढायला दोन दिवस लागले.
बोल्ट गंजून एकजीव झालेले.
तेल झालं, ज्योत झाली, शिव्या झाल्या,
शेवटी बापाचाच पाना
आणि त्याच्या दांड्यावर चार फूट पाइप.
नवे शॉकॲब्सॉर्बर कोमोदोरोहून बसनं आले,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
रबरी बुश मी माझ्या हातानं दाबून बसवले,
टायरमधली हवा थोडी उतरवली,
आणि हौद्यात, एक्सलच्या बरोबर वर,
चार पोती वाळू.
"वाळू कशाला?"
"गाडीला वाटू दे, कुणीतरी आहे."

बिल मी अर्धंच लावलं.
उरलेल्याचं त्यानं कोकरू कबूल केलं, जे अजून यायचंय.

पुढचं मला तिनं सांगितलं, त्यानं नाही.
शुक्रवारी, पुलानंतरच्या वळणावर,
जिथे ती नेहमी खिडकीवरची कडी धरायची,
तिथे गाडी नुसती कूस बदलल्यासारखी हलली.
तिनं कडी सोडली.
डोकं काचेला टेकलं.
तिला झोप लागली.

आन्सेल्मो आयुष्यभर खडखडाटावर कान ठेवून
गाडी चालवत आलेला,
अलीकडची चार वर्षं तिच्या कण्हण्यावर.
आता दोन्ही नव्हतं.
दोन किलोमीटर त्यानं ऐकून पाहिलं.
मग भर रस्त्यात ब्रेक लावला,
इंजिन बंद केलं,
बोट जिभेवर ओलं केलं
आणि तिच्या नाकाखाली धरलं.

ती दचकून उठली. "काय झालं? पंक्चर?"
"काही नाही," तो म्हणाला,
"हवा बघत होतो."

तो पाटा माझ्याकडेच राहिला.
त्यानं नेला नाही, मी भंगारात दिला नाही.
वारा सुटला की वर्कशॉपच्या दाराला लावते.
जड आहे.
दार आपटत नाही.