गाभण

फ्रँकफर्टला, एकोणिसाव्या मजल्यावर,
मला पगार मिळतो तो थरथर मोजायचा.
बाजाराला कुणी टिचकी मारली
तर जागेवर यायला तो किती वेळ घेतो,
एवढंच बघायचं.
पूर्वी तासाभरात सावरायचा. मग दुपार जायला लागली.
आता बुधवारची टिचकी शुक्रवारीही अंगात.
पडायच्या आधी
सावरणं लांबत जातं.

नवी पोरं विचारतात, हे कुठं शिकलात?
मी विद्यापीठाचं नाव सांगते.

शिकले लुश्न्याला, शहाण्णवच्या शरदात,
बापाच्या दुकानात, लाकडाच्या भुशावर उभी राहून.
मांस स्वस्त झालं होतं.
गल्ली खूश. आठवड्यातून दोनदा कोकरू,
मास्तरणीच्या घरीसुद्धा.
सोतिर खाटीक तेवढा खूश नव्हता.
"दुभती गाय," सुरी पुसत तो म्हणायचा,
"दुभती गाय कापायला कोण आणतं?"
आणत होते. मैदानातल्या गावांतून,
दोरी धरून, घाईघाईनं, दावणी रिकाम्या करून,
कारण कंपनी महिन्याला आठ टक्के देत होती,
मग बारा,
मग दुसरी एक कंपनी तीस.
गाय काय देते महिन्याला?

एकदा मेंढी उघडली तर आत दोन कोकरं,
ओली, मिटलेली.
बाप बराच वेळ हात धूत राहिला.
मग भिंतीवर कोळशानं एक रेघ.
"कुठंतरी पाणी मुरतंय, दाफिना.
गाभण जनावर विकणाऱ्याला वाटतं
उद्या उजाडणारच नाही,
नाहीतर वाटतं, उजाडलंच.
दोन्ही वाईट."

तिरानाच्या साहेबांकडे आलेख होते.
त्यात गाभण मेंढीचा रकाना नव्हता.
आमच्या भिंतीवर चार रेघा, नऊ, सोळा.

पण पेलुम्ब मामानं व्हॅन घेतली. पांढरी.
दारासमोर लावून हॉर्न वाजवायचा, उगाच.
आई जेवताना बोलेनाशी झाली.

जानेवारीत कंपनीच्या खिडक्या उघडल्या नाहीत
तेव्हा मी भिंत मोजली. एकवीस.
बाविसावी रेघ नाही.
त्या दिवशीही मेंढ्या आल्या होत्या, मला आठवतं,
दोन, दाराशी बांधलेल्या, पोटं जड,
दुपारपर्यंत कुणी सोडलं नाही त्यांना.
बाप पहाटेच गेला होता रांगेत उभा राहायला,
शीतपेटी विकून आलेले पैसे
कोटाच्या अस्तरात शिवून.