काल-परवा

कोटात, बाजारगेटाच्या आत,
न्यायाधीश बसायचा केसांच्या टोपाखाली घामाघूम
आणि त्याच्या डाव्या हाताला मी उभा:
दुभाषा. महिना बारा रुपये,
पागोटं माझ्या खर्चाने.

शपथेची पंचपात्री माझ्याच ताब्यात.
तीत गंगा म्हणून जे असायचं
ते मी सकाळी मागच्या विहिरीतून भरायचो.
तुळस मात्र खरी.

माहीमचा पोशा भंडारी आला.
कमरेला रिकामी आकडी, कोयती दारावरच काढून घेतलेली,
छातीवर माडाचे घट्टे.
विचारलं, माणकोजीला मचव्यावर कधी पाहिलंस?
म्हणाला, "काल-परवाच तं बगितला."

आता काल-परवा म्हणजे कधी
हे आपण कुणाला विचारत नाही.
पोर उंबरा ओलांडतं आणि बाप म्हणतो,
काल-परवा तर जन्मलं.
नुसता परवा घ्या, तो मागेही असतो, पुढेही.
पण कारकुनाची लेखणी दौतीवर थांबली होती,
तिला तारीख हवी होती.
मी बोटं मोजली.
मंगळवार, म्हटलं.

मंगळवारी माणकोजी सुरतेला होता.
बंदराच्या वहीत तसं होतं, सहीशिक्क्यानिशी.

न्यायाधीशाने उच्चारला तो शब्द
त्या वर्षी मी सातव्यांदा मराठीत आणत होतो.
"तू खोटी शपथ घेतलीस."
पोशा माझ्याकडेच बघत राहिला,
जणू हे मीच म्हणतोय.

सांगता आलं असतं.
साहेब, चुकली ती माझी बोटं.
पण शपथ मीही घेतली होती,
जशाचं तसं सांगेन म्हणून,
त्याच विहिरीच्या पाण्यावर.
आणि घरी मुलीचं लग्न ठरत होतं.
(कारण पुरेसं नाही. तेव्हा पुरलं.)

तीन दिवस बाजारात उभं केलं त्याला.
गळ्यात फळी, फळीवर गोऱ्यांची अक्षरं.
मी दोन दिवस आडवाटेने गेलो,
तिसऱ्या दिवशी विसरलो.
त्याने हाक मारली.
आवाजात राग असता तर बरं झालं असतं.
"शेणवीबाबा, काय लिवलंय हिच्यावर?"

जन्मात एकदाच मी
जाणूनबुजून चुकीचं भाषांतर केलं.
म्हटलं, "तुझं नाव."

त्याने मान वाकवून पाहिलं.
फळी एका बाजूला कलली होती.
बांधल्या हातांच्या मनगटांनी
त्याने ती सरळ केली.