कान

पहिला आठवडाभर मला वाटलं, या घराला फार घाई आहे.
गाय सुटली, पोरगं ओरडायचं, "आता!"
सरपण संपलं, "आता!"
मी बूट चढवून उठायचो.
मग कळलं, आता म्हणजे आजोबा.
तोक्तोसुन-आता, वय चौऱ्याहत्तर,
ज्यांना कसलीच घाई नव्हती.

मी पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेला माणूस.
किर्गिझस्तानात, नारिनच्या वरच्या अंगाच्या एका गावात
पाण्याची पाइपलाइन आखून द्यायला
सहा महिने फुकट आलेला.
फुकट हा शब्द मीच फार वेळा काढला.
त्यांच्याकडेही असेल तो. कुणी काढला नाही.

बुरुलाय-आपा चहा द्यायच्या, वाडगा अर्धाच.
एवढा चहा आमच्याकडे
वसुलीला आलेल्याला देतात.
तिसऱ्या दिवशी मी खुणेनं सांगितलं, भरा, काठोकाठ भरा.
त्यांचा हात थांबला. सगळे शेगडीकडे बघू लागले.
शेवटी सून, मेएरिम, मोडक्या इंग्रजीत म्हणाली,
भरलेला वाडगा म्हणजे, पाहुणे, उठा आता.
हा 'आता' मात्र आपला.
अर्धा म्हणजे पुन्हा ओतू.
अर्धा म्हणजे बसा.

नान मी उपडी ठेवली, तेव्हाही कुणी रागावलं नाही.
सहा वर्षांच्या एरबोलने ती फक्त सुलटी केली,
झोपेत पालथ्या पडलेल्या बाळाला करावी तशी,
आणि खेळायला पळाला.

चांगली खोली मला दिली होती.
भिंतीवर गालिचा, रजयांची छताला टेकलेली चळत,
आणि थंडी.
पलीकडे शेगडीभोवती सगळे
एकमेकांचे पाय तुडवत झोपत.
भिंतीतून हसणं येई.
मी मोबाइलवर बघे, उणे एकोणीस.
बायकोला लिहिलं, माणसं चांगली आहेत.
पुढचं वाक्य सुचलं नाही.

नोव्हेंबरात मेंढा कापला.
मुंडकं आलं ताटात, डोळ्यांसकट.
मी मटण खाणारा; पण आपल्याकडे बघणारं मटण नाही.
मुंडकं मानाच्या पाहुण्याला, एवढं ऐकून आलो होतो.
पण आतांनी ते स्वतःकडे ओढलं,
सुरीनं एक कान कापला
आणि माझ्यासमोर धरला.
घर हसलं. एरबोल सगळ्यांत मोठ्यांदा.
कान लहान मुलांना देतात,
मोठ्यांचं ऐकावं म्हणून.
दुसरा त्याच्याच हातात होता.

एकसष्टाव्या वर्षी.
मान गेला म्हणून आधी दुखलंच, खोटं कशाला बोलू.

मग आपा म्हणाल्या, "जे."
मी चमकलो.
"जे," पुन्हा, तोंडाकडे बोटं नेत.
त्यांच्याकडेही खा-ला जे म्हणतात.
शेवटचा व गिळून असं मला
एकाच बाईनं म्हटलं होतं, गिरणीवाल्या मावशीनं,
जे रे, जे, दळण व्हायला वेळ आहे.

कान चिवट होता. बराच वेळ चावावा लागला.
चावताना बोलता येत नाही.

म्हणून मी ऐकलं.
आता सुरीच्या टोकानं चरबटलेल्या ओट्यावर
एक रेघ ओढत होते: हा डोंगर. ही माझी पाइपलाइन.
आणि एप्रिलात बर्फ वितळला की पाण्याचा लोंढा
इथून, बरोब्बर इथून.
सुरी दोनदा आपटली.
आल्या दिवसापासून ते हेच सांगत होते.
आल्या दिवसापासून मी मान डोलवत होतो.

सकाळी चाळीस खुंट्या उपटल्या.
आता बरोबर आले, खुंट्या मोजत, सावकाश.

रात्री मी गादी उचलून शेगडीच्या खोलीत नेली.
कुणी काही विचारलं नाही.
एरबोलने झोपेतच पाय सरकवले,
थोडेसेच.