पासंग

एकतीस वर्षं मी वजनमापं तपासली.
खंडेराव मार्केटातले भाजीवाले, रावपुऱ्यातले सोनार,
मांडवीपलीकडचे तेलवाले.
पारड्याखाली चिकटवलेलं मेण
मला दहा पावलांवरून दिसायचं.
म्हणून आता, रिटायर झाल्यावर,
साडेसातला 'उसनी साखर' लागली
की हात आपोआप वहीकडे जातो.

भाग एकशे सात.
एकूण बावीस मिनिटं. पैकी चार, काल काय झालं.
तीन, उद्या काय होणार.
थप्पड एकच, पण तिन्ही बाजूंनी दाखवली,
दर वेळी वीज कडाडली, कथेत ऐन वैशाख.
निव्वळ माल सहा मिनिटं, तोही पाणी मारलेला.
शेरा: मापात पाप.

भाग एकशे तीस.
कमलाकर जिन्यावरून घसरला आणि स्मृती गेली.
बायको विसरला, नाव विसरला, कर्ज विसरला,
व्याकरण तेवढं शाबूत.
खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन रोज येतात बघायला,
त्यांना निम्मं मराठी कळतं.
त्या म्हणाल्या, "भाई, आ तो लेणदारोने बनावे छे."
लेखकाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट सरस.
शेरा त्यांच्या नावावर लिहिला.

एकशे साठ ते दोनशे, वहीत नुसत्या रेघा.

मग दोनशे चौदा.
मोठी जाऊ, इंदू,
जिला एरवी चहाचा ट्रे आणण्यापलीकडे काम नसतं,
ती खिडकीशी बसली, मांडीवर शर्ट, तुटकं बटण.
सुईत दोरा जाईना.
ओठांत ओला केला. नाही गेला.
बाहेरच्या खोलीत वाटणीचं भांडण,
आवाज येत होते, शब्द नाही.
दाताने टोक तोडलं. नाही गेला.
कॅमेरा जागचा हलला नाही.
वाजवणारे बहुधा चहाला गेले असावेत,
देव त्यांचं भलं करो.
आम्ही दोघं खुर्च्यांतून पुढे झुकलो,
जणू आमच्या झुकण्यानं नेढं मोठं होणार होतं.
गेला.
हंसाबेन म्हणाल्या, "हाश!"
काटा मधोमध. वहीत एवढंच लिहिलं.

दोनशे पंधरात शर्ट निराळा,
इंदूच्या हातात ट्रे.

शेवटचा भाग, चारशे एक्काहत्तर.
सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं, घाऊक दरानं.
आठ माफ्या, मी मोजल्या.
कमलाकरला तर आदल्याच आठवड्यात सगळं आठवलं होतं,
फक्त कर्ज सोडून.
(हंसाबेननी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.)
मग घोळक्यानं फोटो.
दोनशे चौदाच्या पासंगालाही पुरला नाही.

एक राहिलंच.
त्या दिवशी तो भाग कुणी केला ते वाचायला मी उठलो होतो.
नावं कोपऱ्यात चेंगरून पळत होती,
बाकी पडदाभर हिंग विकणारी बाई.
चष्मा पुसेपर्यंत हाती लागलं ते इतकंच:
'...दा पेंड...'
पेंडसे, पेंडारकर, पेंढारकर?
बाई की बुवा तेही कळलं नाही.

नोकरीत मी नोटिसा काढल्या त्या नावानिशी, पत्त्यानिशी.
लिंबं विकणाऱ्या रमणभाईचं पारडं
कायम गिऱ्हाइकाकडे झुकलेलं असायचं,
त्याला कधी काही बोललो नाही.
नियमात तसा रकाना नव्हता.

नवी मालिका सुरू झाली आहे. पहिले तीन भाग हलके.
तरी नावं पळायला लागली
की आम्ही दोघं टीव्हीला नाक लावून उभे.
वरची अर्धी मी वाचतो, खालची अर्धी हंसाबेन.
गुजराती डोळ्यांना
ती डोक्यावरची रेघ आडवी येते,
त्या अडखळतात.
तेवढ्यात हिंगवाली.