यजमान संघ

प्रांजू पिदुरकर परत आली ती एका पाठपिशवीनिशी.
तिसऱ्या वर्षाची पुस्तकं तिकडेच राहिली,
आणलं काय, तर एक मफलर :
नारिंगी-काळा, त्यावर दोन हातोडे, एकमेकांवर आडवे.
मार्च महिना. पारा चाळिशीला टेकलेला.
मारोती म्हणाला, "पोरीनं मफलर आणला बा. इथं कायले?"

मी खदानीत हजेरीबाबू. सत्तावीस वर्षं
लोकांच्या नावापुढे 'हजर' लिहिलं, किंवा नाही लिहिलं.
त्याआधी जुन्या सावंगीचा गोलकी.
म्हणून तिनं ते मलाच सांगितलं,
स्टँडच्या ओट्यावर, दोनचा ब्लास्ट झाल्यावर,
धूळ बसेस्तोवर.

म्हणे, एक क्लब आहे. नावाचा अर्थच खदानमजूर.
छत्तीस सालचा, कोळशाच्या शहरातला.
पहिलं नाव पडलं एका गड्यावरून,
ज्यानं एका पाळीत चौदा जणांचा कोळसा काढला.
मी म्हटलं, एवढा तर आमचा कोमरय्या
ओव्हरटाइमच्या पर्चीवर रोज काढते.
ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा,
हे तिच्या आईनं नंतर सांगितलं.

मग राजधानीच्या टीमकडून हरणं, वर्षानुवर्षं.
मग एक पैसेवाला मालक.
मग ब्राझीलचे पोट्टे, बर्फात हातमोजे घालून पळणारे.
एकाच वर्षात युरोपातला कप
आणि काचेचं नवं स्टेडियम, रात्री दुरून दिसणारं.
"पाच वर्षं, काका. पाचच."
मग तोफा आल्या, काचा गेल्या.

"मग खेळले कुठे?"
"हजार किलोमीटरवर. दुसऱ्याच्या मैदानात.
मग तिसऱ्याच्या. मग आमच्या खारकीवला."
"अन् फलकावर?"
"फलकावर यजमान तेच."

पहिल्या वर्षी ती गेली होती बघायला.
शेजारी एक म्हातारा, त्यांच्या गावचा.
गोल झाला की डावीकडे वळून
सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या बाईला हाक मारायचा, नावानं.
डावीकडे भिंत होती.

मी काही बोललो नाही.
आमच्या सावंगीत घराचा मोबदला मिळाला,
गोठ्याचा मिळाला, बोरीच्या झाडाचाही, तीनशे वीस.
मैदान कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हतं.
त्याच्यावर आता सत्तर मीटर मुरूम आहे,
डंपरनं आणून टाकलेला.
पेनल्टीची जागा मी अजून दाखवू शकतो,
फक्त बोट कुठे करायचं ते समजत नाही.

एप्रिलात कॉलरीची टूर्नामेंट. अक्षर बरं म्हणून
उमाकांत मडावीनं फॉर्म माझ्याकडे आणला.
संघाचं नाव : जुनी सावंगी. त्यावर पोट्टे अडून बसलेले,
निम्म्यांनी तर जुनी सावंगी पाहिलीही नाही.
पुढचा रकाना : मैदान.

मस्टरात एक खूण असते,
हजरही नाही, गैरहजरही नाही,
साहेबानं दुसरीकडे पाठवलेल्या माणसाची.
पगार कापत नाहीत त्याचा.
मी रकान्यात तेवढंच लिहिलं :
बाहेरगावी, कामावर.

सेक्रेटरीनं वाचलं नाही, शिक्का मारला.
पहिल्याच फेरीत चार-एक हरलो.
तो एक गोलही त्यांच्याच बॅकच्या पायाला लागून गेलेला.
प्रांजू मोबाइल कानाला लावून बसली होती,
तळघरातून कोणी मॅडम शिकवत होत्या,
मधेच आवाज जायचा, मग ती मॅच बघायची.
त्या गोलला ती उठली,
बोलली काय ते कळलं नाही. आपली भाषा नव्हती.

रात्रपाळीला मारोती आला
तर तोंडाला तो मफलर, डोळे तेवढे उघडे.
"धूळ नाही जात बा नाकात," तो म्हणाला.
हातोडे बरोबर नाकावर आले होते.
मी रजिस्टर पुढे सरकवलं.