साडेएकतीस

गुरुवारची रात्र. सभागृहात मी आणि सातशे रिकाम्या खुर्च्या.
बाहेर जनरेटर खोकतोय.
नऊपर्यंत पुरेल डिझेल, वारिबोको म्हणाला,
म्हणजे साडेआठ.

रविवारची उपासना माझ्यापुढे आकड्यांत मांडलेली.
क्यू एक : दारं उघडतात. चाळीस टक्के, मधाचा रंग.
क्यू सात : ड्रम.
बारा : गायकांवर जांभळा, पण त्यात चमचाभर केशरी,
कारण मशीनच्या यादीत ‘त्वचा’ नावाचा जो रंग आहे
तो पोर्ट हारकोर्टात कुणाच्याच अंगावर नाही.
एकोणीस : अर्पण. सगळे दिवे शंभर.
देणाऱ्याला स्वतःची नोट नीट दिसली पाहिजे,
हे पास्टर वोकोमांचं मत, माझं नाही.

धुराचं यंत्र डिसेंबरपासून बंद ठेवलंय.
हार्मटन सुरू झालाय, उत्तरेची धूळ खिडक्यांच्या फटींतून येते
आणि प्रत्येक किरण छतापासून जमिनीपर्यंत
फुकटात दिसतो.

एकतीस : प्रवचन संपतं, डोळे मिटतात,
आठ सेकंदांत सगळं खाली, खाली.
बत्तीस : वेदी उजळते.

आणि या दोहोंच्या मध्ये
साडेएकतीस.
नावाचा रकाना कोरा. एकच दिवा, चौथ्या पाइपवरचा,
सहा टक्के, डावीकडच्या वाटेतल्या दुसऱ्या पायरीवर.
तिथे कुणी गात नाही, बोलत नाही,
तिथे काहीच नसतं.
ही फाइल डगोगोची. तो दोन वर्षांपूर्वी कॅल्गरीला गेला,
जाताना मला कन्सोल दिला, एक टॉर्च,
आणि बोट कसं ठेवायचं ते : बटणावर नाही,
बटणाच्या किंचित वर.
चूक समजून मी गेल्या महिन्यात साडेएकतीस पुसला.
सातशेंपैकी एकालाही कळलं नाही.

प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायचे, हेच माझं काम.
म्हणून मीच पाहिलं.
एक बाई, डाव्या दारातून, सगळे डोळे मिटल्यावर आत आली,
कमरेला रोजचंच कापड, हातात चपला,
आणि दुसऱ्या पायरीवर तिचा पाय हवेत पडला.
आवाज फार नाही झाला. गुडघ्याचा.
पास्टर म्हणाले आमेन, सातशे जण म्हणाले आमेन,
माझं बोट बत्तीसवर गेलं
आणि उजेड झाला तेव्हा ती बसलेली होती,
शेवटून तिसरी खुर्ची, सरळ पाठ,
जणू सकाळी सातपासून तिथेच.

मी डगोगोला लिहिलं, ती कोण?
तिकडे मध्यरात्र असावी, गोदामातली पाळी.
उत्तर आलं : विचारलं नाही कधी.
मासळीला धुरी देत असावी, वास यायचा.
मग बऱ्याच वेळानं : इबिनाबो, सहाच टक्के ठेव.
आठ केलेस तर लोक वळून बघतात.

तर आज मी तो पुन्हा लिहितेय.
एकतीसनंतर दोन सेकंद थांब,
तीन सेकंदांत ये, सावकाश जा.
पायरीवर उभं राहायला कुणी नाही, म्हणून वेळ लावते नव्वद सेकंदांची
आणि धावते : बूथचा जिना, मधली वाट,
कुशन उलटं पडलेलं, माइकची वायर, डावी बाजू.
सँडल हातात घेते. कळायला हवं ना.

अंधार.
धूळ नाकात जाते.
मग माझ्या डाव्या पावलाची बोटं दिसू लागतात,
आधी अंगठा, मग पायरीची कड,
कडेला घासून गेलेला रंग, कित्येक वर्षांचा,
बरोबर एका पावलाइतका रुंद.

सहा फार वाटतात का? पाच करू?
एवढं मनात येतं तोच बाहेरचा खोकला थांबतो.
साडेआठ.

सेव्ह केलं होतं का मी?
काळोखात वर बघते, बूथ कुठे असेल तिकडे,
आणि खुर्च्यांच्या पाठी मोजत निघते,
एक, दोन, हात पुढे करून.