कामून

रात्री साडेनऊला लॅबचं शटर अर्धं ओढून
मी धाकटीची मुलाखत घेते.
मी एकटीच चौघं होते:
प्राचार्य, चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई,
मान वर न करता नुसते कागद उलटणारा,
आणि एक, ज्याला ऐन वेळी फोन येतो.
चौघांना मिळून एक स्टूल.

मे आय कम इन सर.
परत जा, चपला वाजल्या.
मे आय कम इन.
परत जा, ओढणी कडीत अडकली.
तिसऱ्यांदा श्रीदेवीला हसू फुटतं
आणि हात वर जातो, तोंडावर,
जसा आमच्या गावात सगळ्यांचाच जातो,
लग्नात, बारशात, सरपंचाच्या भाषणातसुद्धा.
फोटोवाला घसा कोरडा करून म्हणाला होता, हसा की रे.
सातवीच्या त्या फोटोत एकेचाळीस पोरं आहेत
आणि दात एकही नाही.

हापशाला लाल रंग दिला तेव्हा मी चौथीत होते.
लाल म्हणजे पिऊ नका.
बरा हापसा दीड किलोमीटरवर, तोही दुपारी आटायचा.
मग घागरी घासून घासून
दोन उन्हाळ्यांत लाल रंगच उडून गेला.
तोवर श्रीदेवीचे पक्के दात आले होते,
आले तेच पट्टे घेऊन,
न विसळलेल्या कपात चहाची रेघ राहते तशा रंगाचे.

हात खाली, मी म्हणते. मांडीवर. हां.
व्हाय डेंटिस्ट्री?
सर, आय वॉन्ट टू सर्व्ह द सोसायटी.
लातूरच्या बाकावर आज बसलेली
सगळी पोरं हेच म्हणणार आहेत.
कागदवाला मान वर करणार नाही.
पुन्हा सांग.
सर, सिन्स माय चाइल्डहूड.
पुन्हा.
सर, ओरल हेल्थ इज.
ट्रिमरचा नळ गळतोय. बशीत प्लास्टर घट्ट होत चाललंय.
फी माफीच्या जागा दोन,
बोलावलेत तेवीस.

मग माझ्याच तोंडून निघून गेलं,
कामून गं?

ती गप्प झाली.
खडू कोरायला देतात असं कुणीतरी सांगितल्यापासून
तिच्या हातात कायम खडू असतो.
तिनं तो फिरवला, फुंकर मारली,
आणि खडूकडंच बघत बोलली:
तुला पाहायला आल्ते तवा
तू तोंडच उघडलं न्हाईस.
पोह्याचा घाससुद्धा घेतला न्हाईस.
जाताना ती बाई म्हणली, पोरगी मुकी हाय का.
मी पायरीवर चपला लावायलते त्यांच्या.

मी स्टुलावरून उठले, नळ आवळला.
तो तसाही गळतोच.

हे इंग्रजीत कसं म्हणू, तिनं विचारलं.
मी दातांची नावं इंग्रजीत घेते दिवसभर,
कॅनाइन, मोलर, ब्रिज, क्राऊन,
पण पायरीला, चपलांना, त्या बाईला
माझ्याकडंही शब्द नव्हता.
मराठीत सांग, मी म्हणाले.
चालंल?
काय माहीत. मी कुठं दिली मुलाखत.

एवढ्यात खरोखरच फोन वाजला.
डॉक्टरांना सकाळी वरचा ब्रिज हवाय, शेड ए टू.

आता ती बाकावर झोपलीय, फाईल उशाला.
ओरिजिनल, दोन झेरॉक्स सेट,
सहा फोटो, सहाही मिटल्या ओठांचे.
मुठीतून खडूचा सुळा निसटलाय,
मूळ थोडं मोडलंय, पण बाक बरोबर आलाय,
माझ्या पहिल्या वर्षापेक्षा बरा.

शेड गाईडमध्ये सोळा दात टांगलेले असतात,
मी तो सुळा एकेकाशेजारी धरून पाहते.
खडू कशालाच जुळत नाही,
इतका पांढरा दात कुणाचाच नसतो.
आमच्या गावचा रंगही नाही त्या सोळांत,
हे मी कामावर लागले त्याच दिवशी पाहिलं होतं.

गाडी पाच चाळीसची. साडेचारचा गजर लावला.
ए टू काढून घेतला,
मेण तापत ठेवलं.